आठवा सामना

प्रबुद्ध पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आला तेव्हा वाटलं, हा भांडायला आलाय. हातात एका जुन्या वहीच्या पानाची प्रिंट आणि चेहरा पडलेला.

"मॅडम, लाल रेघ आली... आपल्या पानावर."

"माझी चूक नसणार," मी मान वर न करता म्हणाले. आणि खरंच नव्हती.

इथे आखातात, सीफमधल्या आमच्या ऑफिसात जुनी हस्तलिखितं कॉम्प्युटरवर उतरवतात. एकच पान दोघांनी वेगवेगळ्या जागी बसून टाइप करायचं. जिथे दोघांचं जुळत नाही, तिथे लाल रेघ उमटते. मग दोघांनी मूळ पान घेऊन शेजारी बसायचं आणि कोण चुकलं ते ठरवायचं. चुकणाऱ्याच्या नावावर एक खूण. वर्षात दहा खुणा झाल्या की करार वाढत नाही. म्हणजे व्हिसा रद्द, म्हणजे सरळ घरी. तीन वर्षांत माझ्या नावावर एकही खूण नव्हती, आणि त्याचा मला जरा जास्तच ताठा होता.

वही १९०९ सालची होती. अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या मॅनेजरने लिहिलेली. फुटबॉल म्हणजे त्यांचा – लंबगोल चेंडू छातीशी धरून एकमेकांवर कोसळायचं. आठ सामन्यांचा हंगाम, आम्हाला दर आठवड्याला एक सामना. या वहीसाठी आमची जोडी लागली होती. बाकीच्या कागदांना दुसरे जोडीदार.

"तुम्ही पासष्ट लिहिलंय," मी म्हणाले. "स्कोअर आहे तो. सहा–पाच."

"सहा–पाच? अख्ख्या सामन्यात?" तो चकितच झाला. "आमच्या अमरावतीच्या गल्लीतली पोरंपण पासष्ट करतात, बाप्पा!"

मला हसू फुटलं.

"काहून हसून राहिल्या?" त्याने विचारलं, आणि मग ते आवरेना.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा रेघ आली. तिसऱ्यातही. कधी तर एकाच सामन्यात दोन-दोन. चूक दर वेळी त्याचीच. मी त्याला झापायची, तो मान खाली घालून ऐकायचा. ओळीखाली बोट धरून सावकाश वाचायचा. पान संपलं की खालून मागवलेला करक, म्हणजे इथला वेलदोडा घालून आटवलेला चहा यायचा, आणि आम्ही पॅन्ट्रीच्या खिडकीशी उभे राहायचो. बाहेर धुळीने पांढरं झालेलं आकाश; वहीत मात्र चिखल, पाऊस, कुणाचं तरी मोडलेलं मनगट. टीम दर शनिवारी हरत होती. आणि प्रत्येक सामन्याच्या शेवटी मॅनेजर न चुकता लिहायचा: विल्यम बाकावर.

"याला एकदा तरी उतरवायला पाहिजे होतं," प्रबुद्ध म्हणाला.

"खेळता येत नसेल."

"येतही असेल... पण कुणी विचारलं पाहिजे ना."

आपण त्या लाल रेघेची वाट बघतोय, हे मला पाचव्या आठवड्यात, हूराला घरी जाणाऱ्या बसमध्ये कळलं. स्वतःचाच राग आला. आणि खोटं कशाला बोलू, खूप बरंही वाटलं.

सातव्या सामन्यानंतर आमच्या सुपरवायझरने, बासितभाईंनी, मला बोलावलं.

"प्रबुद्ध का नौ हो गया. एक और, फिर खलास. रिन्यूअल इसी महीने है." मग ते कपाळ चोळत म्हणाले, "अजीब बात है. बाकी किसी के साथ उसकी एक भी गलती नहीं."

मी तडक पॅन्ट्रीत गेले. तो कप विसळत होता.

"मुद्दाम करता तुम्ही?"

त्याने नळ बंद केला.

"सगळ्या?"

"पहिली खरी होती," तो हळूच म्हणाला. "पासष्टची."

"वेड लागलंय का? घरी जायचंय?"

"तुमची तर चूक होतच नाही. मग भेटायचं कसं?"

"तोंड दिलंय ना देवाने? चहाला विचारायचं!"

"आणि तुम्ही नाही म्हणाल्या असत्या तर...?" त्याने कप पालथा घातला. "लाल रेघेला कुणालाच नाही म्हणता येत नाही."

माझ्या ओठांवर बरंच काही आलं होतं. बोलले एवढंच, "शेवटच्या सामन्यात एकही चूक करायची नाही. शब्द द्या."

त्याने दिला.

शेवटच्या गुरुवारी आठवा सामना आला. मी टाइप करत गेले. टीम शून्य–अकरा अशी हरली. शेवटी मॅनेजरने लिहिलं होतं: विल्यम आज खेळला. पाच मिनिटं.

हे त्याला दाखवायला म्हणून मी मान वर केली. तो आपल्या जागी, पाठ वाकवून, एकेक अक्षर तपासत होता. शब्द पाळत होता. रेघ येणार नव्हती, तो उठणार नव्हता आणि वही संपणार होती. आठ वेळा तो माझ्यासाठी मुद्दाम चुकला होता. मी एकदाही जागची हलले नव्हते.

मी टाइप केलेल्या पानात मागे गेले आणि टीमला जिंकवलं. अकरा–शून्य. पान पाठवून दिलं.

दहा मिनिटांत तो आला. चेहरा पांढराफटक.

"मी काही केलं नाही... शपथ! मी तीनदा तपासलं."

"माहितीय."

"हे हरले होते."

"तेही माहितीय."

तो प्रिंटकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. हळूहळू त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चूक... कुणाच्या नावावर लिहू?"

"माझ्या. नीट लिही, पहिलीच आहे."

'लिही' ऐकून त्याने खुर्ची ओढली आणि बसला. पेन उघडलं, बंद केलं. खिशाला लावलं.

"विशाखा... उद्या शुक्रवारची सुट्टी आहे. चहाला येशील? रेघ नसताना?"

"इतके आठवडे लागले तुला!" मी म्हणाले. "येईन. उद्या येईन, परवाही येईन."

मग आम्ही दोघांनी मिळून स्कोअर दुरुस्त केला. टीम पुन्हा हरली. विल्यमच्या ओळीखाली बोट धरून त्याने ती दोनदा वाचली, आणि तेच बोट नंतर माझ्या हातावर ठेवलं.