तिसरा दिवा

धाकट्या भावाच्या, गुंडोच्या, शेवटच्या पत्राला नरसिंहरावांनी उत्तर दिलं नव्हतं. जून एक्याऐंशीतलं ते आंतरदेशीय पत्र, खानापूरहून आलेलं. मजकूर चार ओळींचा. ‘बंगळूरच्या एका कारखान्यात जागा निघाली आहे. अर्जावर बंगळूरचा पत्ता लागतो. तुझा देऊ का? राहायला जागा आहे का, एवढं कळव.’

नरसिंहराव छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दुसऱ्याची चूक त्यांना लांबून दिसे, पण स्वतःचं एक वाक्य कधी धड वाटत नसे. ‘ये’ लिहावं तर घर भाड्याचं, दोन खोल्यांचं. ‘नको’ लिहावं तर शब्द कठोर. चार मसुदे केले, चारही फाडले. अर्जाची मुदत गेली. शेवटी गुंडो बंगळूरला जातो म्हणून घरातून निघाला, तो कुठे पोचल्याचं कुणालाच कळलं नाही.

बंगळूरमधल्या राजाजीनगरच्या या घरी त्याआधी तो एकदाच येऊन गेला होता. खाली राहणाऱ्या घरमालकांना, भीमाचार्यांना, पाऊल ऐकू जाऊ नये म्हणून चपला हातात घेऊन जिना चढला, तसाच उतरला. नरसिंहरावांनी ‘असं कशाला?’ एवढंही म्हटलं नव्हतं.

आता अठरा वर्षं झाली होती. घर स्वतःचं झालं होतं, आणि मागच्या खोलीत त्यांची मुलगी सुचेता दोन कॉम्प्युटर मांडून बसली होती. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं इथे ऐकून टाइप करायचं, असं काम. नवऱ्याचं घर सोडून आल्यावर तिने उभं केलेलं एवढंच. मोठ्या मशीनवर ती, दुसऱ्यावर अथणीची शिवलीला.

नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारी दुसरं मशीन मुकं झालं. मोठ्या मशीनवरची रेकॉर्डिंगं त्यावर जाईनात. फ्लॉपीत ती मावत नव्हती. काम सकाळपर्यंत गेलं नाही तर कंत्राट दुसऱ्याला मिळणार होतं.

कॉम्प्युटरची जुळणी करून देणारा तनय अकराला आला आणि टेबलाखाली शिरला.

“ताई, हे मशीन चालू झालं की विचारतं, मला कुणी पत्ता देता का? तुमचं मोठं मशीन देतं. उत्तरच आलं नाही तर हे थोडं थांबतं आणि आपणच एक आकड्यांचा पत्ता घेऊन बसतं. एकशे एकोणसत्तरने सुरू होणारा. असून नसल्यासारखा. त्यावरून कुणाशी बोलता येत नाही.”

नरसिंहराव दारात येऊन उभे राहिले होते.

“मग मोठं मशीन उत्तर का देत नाही?” सुचेताने विचारलं.

“देतंय की. भलत्यालाच.” त्याने पडदा वळवला. पत्त्यांच्या यादीत इंग्रजी अक्षरांत एकच नाव होतं. गुंडो. “हे कोण? घरात तिसरं मशीन आहे?”

सुचेताने वडिलांकडे पाहिलं. “अप्पा, ही कुणाची थट्टा?”

“मला यातलं काय कळतंय?” ते पुटपुटले.

तनयने नाव पुसलं. ते परत आलं. वाटायचे पत्ते वाढवले. जेवढे वाढवले तेवढे त्याच नावाने घेतले. नावापुढे पत्ता घेतल्याची तारीख होती, जून एक्याऐंशी.

“मशीनच्या घड्याळाचा सेल गेला असेल,” तनय म्हणाला, पण दुसऱ्यांदा तिकडे पाहिलं नाही. “सोमवारी वायरी जोडायचा नवा डबा लावून बघतो.”

“सोमवारी इथे काय, पूजा घालायचीय?” सुचेता फटकारून बोलली आणि तिचे डोळे भरले.

दुपारी दोघी चहाला उठल्या तेव्हा नरसिंहराव खोलीत गेले. वायरी जोडायचा तो डबा भिंतीवर होता. दोन वायरी, त्यांचे दोन हिरवे दिवे. शेजारच्या रिकाम्या भोकाचाही दिवा लागलेला होता. तो लुकलुके, थांबे. पुन्हा लुकलुके. उत्तराची वाट पाहत थांबावं तसा.

त्यांनी त्या भोकावर बोट ठेवलं. आतून ऊब येत होती.

“सुचे, त्याला राहू दिलं तर?” त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

“कुणाला?”

“काही नाही.”

“अप्पा, जागा एकाचीच होतेय. त्याची, नाहीतर माझी.”

ते आपल्या मेजाशी बसले. मसुदा करावा लागला नाही.

‘चि. गुंडो, जागा नाही. येऊ नकोस. तुझा, नरसू.’

सवयीने पुन्हा वाचून पाहिलं. एकही चूक नव्हती.

पाकिटावर पत्ता कुठला घालायचा? खानापूरचं घर केव्हाच विकलं होतं. थोडा विचार करून त्यांनी गुंडोचं पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली राजाजीनगर, आपलाच घरक्रमांक, आणि ‘मागची खोली’.

कोपऱ्यावरची पोस्टाची पेटी गॅलरीतून दिसत असे. तिथे जाऊन पाकीट फटीत अर्धं सरकवून ते थांबले. शब्द खरंच कठोर होते.

“मामा!” वरून शिवलीलाची हाक आली. “पत्ता मिळाला बघा मशीनला! आपोआप!”

त्यांनी मान वर केली. पाकीट अजून बोटांत होतं.

“आणि तुमचे पाहुणे स्वल्प थांबले पण नाहीत की हो! चहा घ्या म्हटलं तर मानेनंच नको म्हणाले. आत्ताच जिना उतरले, चपला हातात घेऊन. दिसले न्हाईत?”

नरसिंहरावांनी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. ऊन होतं. कुणी नव्हतं.

मग त्यांनी बोटं सोडली.