भिंतीपलीकडच्या येरझारा

रोज संध्याकाळी भाऊजींचा अंगातून काढलेला सदरा पिशवीत घालून मी वाघिणीकडे जायची. हसू नका, कामच तसं होतं. गल्ली मला भोचक म्हणते, म्हणो बापडी. पण शेजारच्या भाऊजींची आणि आमची भिंत एक; त्यांच्याकडे चमचा पडला तरी मला कळतं.

भाऊजी प्राणिसंग्रहालयात वाघिणीचे राखणदार. पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले, वाचा गेली, आणि तिकडे वाघिणीने खाणं टाकलं. पिंजऱ्याशी त्यांचा सदरा ठेवला की मात्र वासावर चार घास खायची. त्यांना सोडून वहिनींना निघता येईना, म्हणून मी.

"जंगलात हिने कधीच डोळे मिटले असते," तिथले डॉक्टर म्हणायचे. "सुळे झिजले की शिकार संपली, मग जीवही. इथे खिमा भरवून आपण हिला ओढतोय."

ती जाळीपासून भिंतीपर्यंत चालायची, वळायची, परत यायची. सिमेंट झिजून पायवाट पडली होती. एवढं लांबलेलं आयुष्य, आणि चालायला एवढीशी जागा.

वहिनींना एकच धसका. "ती आहे तोवर हे आहेत, ताई."

"काहीतरीच तुमचं," मी म्हणायची. पण सदरा कधी चुकवला नाही.

त्या दिवशी गेले तर पिंजरा धुऊन रिकामा. डॉक्टरांनी आदल्या दिवशीचा सदरा माझ्या हातात ठेवला. "दुपारी गेली. झोपेतच."

वहिनींना कोणत्या तोंडाने सांगू? आधी माझ्याच घरात येऊन टेकले. दिवेलागण झाली होती. तेवढ्यात भिंतीपलीकडे पावलं वाजली. मऊ, पण जड... भिंतीशी आली... वळली. भाऊजींना तर कूससुद्धा बदलता येत नव्हती.

धावत आत गेले, दार मागे लोटलं गेलं. खोलीभर उग्र, रानटी वास. वहिनी कोपऱ्यात अंग चोरून उभ्या. भाऊजींची नजर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती, कुणाच्या तरी चालीबरोबर.

"दार... उघडा," ते म्हणाले. आजारानंतरचे पहिले शब्द.

मी उघडलं. काहीतरी मोठं, ऊबदार माझ्या साडीला घासून गेलं. मी किंचाळायला हवं होतं. पण हात आपोआप जोडले गेले. देवळातही कधी इतकी लहान झाले नव्हते मी. पावलं उंबऱ्याशी जाऊन थांबली. वळली मात्र नाहीत.

"थांबलीय... माझ्यासाठी," भाऊजी पुटपुटले.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती पावलं उंबऱ्याशी येऊन थांबतात. आणि भाऊजी सुधारतायत. आधी बोटं हलली, मग उठून बसले. काल पाय जमिनीवर टेकले.

"उगाच घाबरले मी," वहिनी आज हसत म्हणाल्या. किती दिवसांनी त्यांनी केस नीट विंचरले होते. "ती गेली तरी हे आहेत. उद्या दारापर्यंत चालून दाखवतो म्हणतात."

आत भाऊजी पलंगाच्या कडेला बसून दाराकडे बघत होते, लहान मुलासारखे खूश.

"बरं झालं हो," मी म्हणाले.

उंबऱ्यापलीकडे कुणीतरी सावकाश श्वास सोडला.