घासलेली भिंत

"भोंग्या, हळू बोल! चिमण्या उडतील!" खारूने दटावलं.

"मी कुजबुजतोच आहे!" शेजारचा मुलगा ओरडला. त्याची कुजबूजसुद्धा गल्लीच्या टोकापर्यंत जायची, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत.

खारू, तिचा दादा आणि भोंगा मामाच्या सुतारकामाच्या कारखान्यामागे फळ्यांआड दबा धरून बसले होते. रोज सकाळी इथल्या दगडी भिंतीखाली चिमुकले पंख पडलेले सापडत. करडे-हिरवट, काळ्या ठिपक्यांचे, कडेला बारीक नारिंगी रेघ. पंख टाकून त्यांचा धनी जातो कुठे, याचा छडा लावायचा होता.

छडा फारच लवकर लागला. नखाएवढा एक पतंग भिंतीच्या फटीतून निघाला, स्वच्छ दगडावर पंख मिटून बसला आणि एका चिमणीने त्याला अलगद टिपलं. पंख तेवढे खाली गळले. मग दुसरा. मग तिसरा!

"पण डावीकडच्या अर्ध्या भिंतीवर एकही चिमणी फिरकत नाहीये," दादा म्हणाला.

खारू तिकडे धावली. त्या बाजूला दगडावर करडं-हिरवं, खरबरीत काहीतरी माजलं होतं. नाक टेकेपर्यंत काहीच दिसेना. तेवढ्यात एक ठिपका हलला! तिथे पतंगच पतंग होते, ऐन उजेडात लपलेले.

खारूने वळून उजवीकडे पाहिलं. उजवी बाजू चकचकीत कुणी केली होती? त्यांनीच! सुट्टी लागल्या लागल्या, तारेच्या ब्रशने, मामाने म्हटलं म्हणून, त्याला खूश करायला. मामाने तोंडभर कौतुक केलं होतं आणि उरलेली भिंत धुवायला आज मशीनवाला बोलावला होता.

फाटकाशी मशीनवाल्याचा टेम्पो थांबलाच!

"दादा, पळ! मावशीला आण!" मावशी कॉलेजात कीटकांविषयी शिकवायची. "भोंग्या, तू याला बोलण्यात गुंतव!"

"काका, या मशीनने हत्ती धुता येतो?" भोंग्याने तोफ डागली. तोवर खारूने मशीनला पाणी देणाऱ्या टाकीचा कॉक घट्ट बंद केला.

"हत्ती काय घेऊन बसलास, आगगाडी धुऊ!" मशीनवाल्याने ऐटीत नळी रोखली. एक थेंब येईल तर शपथ! त्याने मशीन उघडलं, ठोकलं, त्याला चार शब्द सुनावले. टाकीकडे मात्र बघितलंसुद्धा नाही.

मावशी आली, भिंग लावून वाकली. मामाही मागोमाग आला.

"ही घाण नाही रे, दगडफूल आहे," मावशी म्हणाली. "हा पतंग इथलाच. त्याच्या अळ्या यावरच वाढतात आणि तो यातच लपतो."

"मग तो घासलेल्या बाजूला कशाला बसतो?" खारूने विचारलं.

"फटीत कोश होता तेव्हा बाहेर दगडफूल होतं. ते गेलं, हे त्याला कुणी सांगायचं?"

"परत उगवेल ना, मावशी?"

"उगवेल. तू माझ्याएवढी होशील, तेव्हा कुठे तळहाताएवढं."

"शाब्बास, पोरांनो!" मामा म्हणाला. "निदान अर्धी भिंत तरी वाचवलीत!" त्याने मशीनवाल्याला परत पाठवलं. भोंग्याने कॉलर ताठ केली. खारूला मात्र रडूच फुटलं.

"शाब्बास नको म्हणू ना, मामा! मागची शाब्बासकीही परत घे. ती बाजू आम्हीच घासली."

"घासा म्हणणारा मीच ना, बाळा," मामा पडेल आवाजात म्हणाला.

सगळे जेवायला गेले. खारू गेली नाही. फटीतून आणखी एक पतंग आला आणि उघड्या दगडावर पंख मिटून बसला, आपण कुणाला दिसतच नाही अशा भरवशाने. खारूने त्याच्यावर दोन्ही हातांचा आडोसा धरला.

चिमण्या फळ्यांवर बसून होत्या. तिचे हात कधी भरून येतात, याची वाट बघत.