स्पीकर कोणाच्या नावावर?

शिडीला माझा खांदा लागला तेव्हा माझं लक्ष फोनकडे होतं. हात उंच, मान वाकडी… विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या त्या लांबलचक बोळातून मी चालले होते, फोनवर एखादी तरी रेघ उमटते का बघत.

"अहो! धरा, धरा, धरा—"

मी दोन्ही हातांनी शिडी धरली. वर छताला टेकून एक उंच, किडकिडीत मुलगा एका हातानं वायफायची पांढरी तबकडी सावरत होता. तोंडात स्क्रू.

"सोडू नका हं," तो स्क्रूच्या आडून म्हणाला. "मी पडलो तर चालेल. ही पडली तर अख्ख्या मजल्याचं इंटरनेट जाईल."

"जायला आधी असावं लागतं!"

त्याला हसू फुटलं, आणि स्क्रू सुटून थेट माझ्या डोक्यात पडला. तो भराभरा खाली उतरला. समोर उभा राहिला, जरा घुटमळला.

"तुमच्या केसांत माझा स्क्रू आहे," तो म्हणाला. मग कानापर्यंत लाल झाला. "हे वाक्य मी याआधी कोणालाही म्हटलेलं नाही."

मी केस झटकले आणि स्क्रू त्याच्या हातावर ठेवला. वसतिगृहात ज्याला सगळे 'सिग्नल' म्हणतात तो हाच, हे मला तिथेच कळलं. तळमजल्यावरच्या मदतकक्षात तो बसायचा. ज्याचा फोन, ज्याचा लॅपटॉप विद्यापीठाच्या वायफायला लागत नसेल, त्यानं सिग्नलकडे जायचं.

माझा फोन त्यानं तिथेच, चुटकीसरशी जोडून दिला. "झालं. आणखी काही?"

"आहे ना," मी म्हणाले आणि झोळीतून ओढणीत गुंडाळलेला स्पीकर काढला.

* * *

स्पीकरची गोष्ट सांगायची तर बाबांपासून सुरुवात करायला हवी.

माझे बाबा गाऊन निरूपण करतात. दर शनिवारी संध्याकाळी, देवळात. एक ओळ ते गातात, मग मागून साथीदार दुसरी ओळ उचलतो, मग बाबा तिचा अर्थ सांगतात, गोष्ट सांगतात, हसवतात, रडवतात… आणि फिरून त्याच ओळीवर येतात. मागची ओळ आधी आई उचलायची. आई गेल्यावर मी. बाकी लोक टाळ्या वाजवतात, डोळे पुसतात. पण अधल्यामधल्या कुठल्या क्षणी ओळ उचलायची हे बाबांच्या श्वासावरून ओळखावं लागतं. ते आमच्या घरातच होतं.

आणि मी आले इकडे, बियांवर संशोधन करायला.

"जा बाळा, खुशाल जा," बाबा म्हणाले होते. "मी आता पुरे करतो. मागून कुणी उचललं नाही तर मला पुढची ओळ सापडतच नाही गं."

बाबांचं गाणं थांबवून मी बिया मोजत बसणार? माझ्यानं ते होणार नव्हतं. मी हट्ट धरला. "फोनवरून उचलीन मी. तुम्ही देवळात फोन समोर ठेवा."

पण फोनच्या त्या एवढ्याशा छिद्रातून बाबांचा खर्जातला आवाज यायचाच नाही. श्वास तर नाहीच. म्हणून हा स्पीकर. घरी बाबांशी जमवून पाहिलं होतं. सगळं सुरेख ऐकू यायचं. इथे मात्र खोलीच्या जाड भिंतींत मोबाइलला रेंज नाही, आणि विद्यापीठाचं वायफाय स्पीकरला दाराबाहेरच उभं करत होतं.

"त्याचं कारण सोपं आहे," मदतकक्षात आल्यावर सिग्नल स्पीकर हातात फिरवत म्हणाला. "आमचं वायफाय आधी नाव आणि पासवर्ड विचारतं. तुमच्या या गरिबाला ना पडदा, ना बटणं. तो टाइप कशानं करणार?"

"मग?"

"मग त्याची ओळख आपण करून द्यायची. बुडाशी एक क्रमांक असतो, तो नोंदवला की वायफाय त्याला आत घेतं." तो कीबोर्डकडे वळला आणि थबकला. "तुमचं स्वतःचं खातं मात्र अजून पूर्ण सुरू झालेलं नाही. नवीन संशोधकांना जरा वेळ लागतो. उपकरणं नोंदवता येणार नाहीत."

"शनिवारी बाबांचं निरूपण आहे हो…" माझा आवाज नको तितका बारीक झाला. "हा शनिवार हुकला तर ते गाणं ठेवून देतील."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मागच्या टेबलावर चहा पीत बसलेल्या बाईंकडे. या मदतकक्षाच्या प्रमुख, सगळे त्यांना 'मोठ्या बाई' म्हणायचे.

"बाई, पाहुणा म्हणून माझ्या नावावर घेऊ का?"

"खातं होईपर्यंतच," मोठ्या बाई कपातून मान न उचलता म्हणाल्या. "आणि खातं झालं की लगेच तिच्या नावावर. मला नंतर सोडवासोडवी नको."

पडद्यावर प्रश्न आला: तात्पुरतं की कायमचं? त्यानं 'तात्पुरतं' निवडलं. मग माझा फोनही त्याच्या गटात घातला, म्हणजे फोनला स्पीकर दिसेल. "आमच्याकडे प्रत्येक यंत्र एकटं असतं," तो म्हणाला. "शेजारच्याला शेजारचा दिसत नाही. एका गटात असेल तरच दिसतो."

"म्हणजे माझे बाबा आता तुमच्या नावावर?"

"बाबा नाहीत हो, स्पीकर!" तो पुन्हा लाल झाला. "चला, तपासून बघू. आधी माझ्या फोनवरून… हं, वाजतोय. आता तुम्ही घरी लावा."

मी बाबांना फोन लावला. क्षणभर खरखर, आणि मग मदतकक्षाच्या त्या वायरींच्या भेंडोळ्यांवरून, रिकाम्या कपांवरून, बाबांचा भरदार आवाज पसरला.

*दार लोटू नको, देवा, दार लोटू नको…*

मी डोळे मिटले आणि उचललं, *मागून कोणी येत आहे, दार लोटू नको.*

डोळे उघडले तर सिग्नल हातातलं सगळं विसरून बघत होता. मोठ्या बाईंचा कप हवेतच.

"एक सांगू?" तो हळूच म्हणाला. "आवाज तिकडे पोचायला थोडा वेळ लागतो. बरोबरीनं गायलात तर तुम्ही मागे पडाल. त्यांचं पूर्ण झालं की मगच…"

"आमचं तसंच असतं," मी म्हणाले. "मागच्यानं थांबायचं असतं. थांबून ऐकायचं."

"हे बरंय," तो म्हणाला. मग स्पीकर स्वतःच ओढणीत नीट गुंडाळून दिला.

* * *

त्या आठवड्यात माझ्या फोनला वरचेवर काही ना काही होऊ लागलं. कधी वायफाय मंद, कधी बेपत्ता. माझ्या खोलीतली ताई माझ्याहून दोन वर्षं पुढची, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"आज काय झालं गं फोनला?"

"जोडला जात नाहीये."

"मग माझा कसा जातोय? जा, जा. त्या सिग्नलची दृष्ट काढून ये."

मी जायची. तो फोन हातात घ्यायचा, गंभीर चेहरा करायचा, वायफाय बंद करून चालू करायचा. "बरा झाला." मग आम्ही बियांबद्दल बोलायचो, की काही बिया कितीही पाणी घाला, स्वतःची वेळ आल्याशिवाय उगवत नाहीत. तो त्याच्या छतावरच्या तबकड्यांबद्दल बोलायचा, आणि जाताना न चुकता विचारायचा, "ती ओळ… मधे 'येत आहे'ला सूर वर जातो ना?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"सहज हो. डोक्यात अडकलीये."

आणि मग ती संध्याकाळ.

ताई केस विंचरत होती, मी चादरीची घडी घालत होते. कपाटावरच्या स्पीकरमधून अचानक कोणीतरी घसा खाकरला.

ताईच्या हातातला कंगवा पडला. "कोण आहे?"

स्पीकर गाऊ लागला. पुरुषाचा आवाज. बेताचा सूर, पण मनापासून. *मागून कोणी येत आहे…* आणि 'आहे'वर तो आवाज जिन्यावरून पाय घसरावा तसा खाली आला.

"च्च. पुन्हा," स्पीकर म्हणाला.

पुन्हा घसा खाकरला. पुन्हा ओळ. पुन्हा घसरण. "च्च!"

मी चादर छातीशी धरून तशीच उभी राहिले. मला उमगलं. त्या दिवशी तपासताना त्याचा फोन या स्पीकरला जोडला होता. स्पीकर अजून त्याच्याच नावावर होता. आणि तो बिचारा कुठेतरी आपल्या खोलीत, स्वतःचं गाणं नोंदवून, स्वतःच ऐकत बसला होता… ते इकडे वाजतंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

"इश्श, किती बेसूर!" ताई पोट धरून हसत होती. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू थांबलं. "अगं… रडतेस काय वेडे?"

"कुठे रडतेय," मी म्हणाले. माझ्या बाबांच्या घराबाहेरच्या कोणीही, आजवर, ती ओळ शिकायचा प्रयत्न केला नव्हता.

त्याला मी काही सांगितलं नाही. असली गुपितं देवासारखी असतात, आतल्या आत जपायची.

* * *

तो शनिवार उजाडला आणि माझा घसा पार बसला. आदल्या दिवशी प्रयोगशाळेतून येताना भिजले होते. गरम पाणी झालं, मीठ झालं, काढा झाला. तोंडातून नुसती हवा.

संध्याकाळी स्पीकर ओढणीत गुंडाळून मी पावसातून धावतच निघाले. मदतकक्ष बंद व्हायच्या बेतात होता.

"काय झालं? स्पीकर बिघडला?"

मी मान हलवली. गळ्यावर बोट ठेवलं, मग त्याच्या छातीकडे दाखवलं.

"मी? काय मी?"

"गा," मी कशीबशी कुजबुजले.

"छे! मला कुठे येतं गाता—"

"येतं." मी सगळा जीव घशात आणला. "'च्च, पुन्हा'सकट ऐकलंय. आमच्या कपाटावरून."

त्याचा चेहरा असा झाला की शिडीवरून आता पडतोय. मागून मोठ्या बाई म्हणाल्या, "दिवे मी बंद करत नाही. आटपा."

फोन लागला. पलीकडे देवळातली कुजबुज, खोकले, आणि बाबांचा आवाज. *दार लोटू नको, देवा, दार लोटू नको…*

शांतता. बाबा थांबले होते. मला त्यांचा श्वास ऐकू आला, वाट बघणारा. मी त्याचा हात घट्ट धरला आणि योग्य क्षणी दाबला.

*मागून कोणी येत आहे…* तो गायला. 'आहे'वर थोडासा घसरला. पण *दार लोटू नको* वर स्वतःच्या पायांवर उभा राहिला.

मग बाबा हसले… निरूपणात हसतात तसं मोकळं. "मंडळी, आज मागून खरंच कोणीतरी आलंय!" ते म्हणाले, आणि पुढची ओळ घेतली.

प्रत्येक वेळी मी हात दाबायची, प्रत्येक वेळी तो उचलायचा. निरूपण संपेपर्यंत आमच्यापैकी कोणीही हात सोडला नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, असं आपण म्हणू.

शेवटी देऊळ रिकामं झाल्यावर बाबांनी विचारलं, "कोण रे बाबा तू?"

"मी… मदतकक्षातला. वायफायवाला."

"सुराला कच्चा आहेस."

"हो काका."

"पण थांबून ऐकतोस. ते शिकवून येत नाही." बाबा जरा थांबले. "पुढल्या शनिवारी आहेस ना? मी म्हणतो, एवढ्यात कशाला पुरे करायचं."

* * *

माझं खातं सुरू झाल्याचा निरोप आला तेव्हा आवाजही परत आला होता. मी मदतकक्षात गेले तर त्याला ते आधीच कळलेलं. पडद्यावर माझा स्पीकर, त्याच्या नावाखाली. त्याचा हात माऊसवर, पण काही हलत नव्हता.

"आता हा… तुमच्या नावावर करायला हवा," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "मग माझ्या फोनला तो दिसणार नाही. नियमच आहे."

"कर की मग."

'कर' ऐकून त्याची मान वळली.

"माझ्या नावावर कर," मी म्हणाले. "आणि तुझा फोन माझ्या गटात घाल. शनिवारी दोन आवाज हवेत बाबांना. आणि मला… मला रोज."

मोठ्या बाईंनी अचानक कप धुवायला म्हणून बाहेरचा रस्ता धरला.

त्याच्या बोटांनी भराभरा काहीतरी टाइप केलं. दोनदा चुकलं. "च्च," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं एकदमच हसलो. मग पडद्यावर तोच प्रश्न उमटला: तात्पुरतं की कायमचं?

"इथे मालकानं निवडायचं असतं," तो अगदी हळू म्हणाला. "मी थांबतो."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. माऊस त्या हाताखालीच होता. आणि निवडलं.