तंबोऱ्यातला जीव

तंबोऱ्याला तारा चार. एक पंचमात लावलेली, बाकीच्या तीन षड्जात. म्हणजे प, सा, सा आणि खालचा सा. यात गंधार, म्हणजे ग, कुठेही नाही. तरीही आमचे बुवा दर शिकवणीला मला तेच ऐकवायचे, "केतकी, तुझा ग चढा लागतोय. मला विचारू नकोस, तंबोऱ्याला विचार."

जी तारच नाही तिला काय विचारायचं, हे मला काही केल्या कळत नव्हतं. बुवा असतात मिरजेला आणि मी चंद्रावरच्या वसाहतीत. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचून उत्तर येईतो मध्ये दोन-अडीच सेकंद जातात, त्यामुळे धड वादही घालता येत नाही. वसाहतीच्या वर्धापनदिनाला इथे दरवर्षी ध्वनिमुद्रित गाणी लावतात. यंदा पहिल्यांदाच कुणीतरी समोर बसून गाणार होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. फक्त बुवांची अट होती. आज पाच वाजता ते ऐकणार, ग नीट लागला तर मी गाणार, नाहीतर पुन्हा ध्वनिमुद्रण.

दुपारी मी सरावाला बसले, तार छेडली आणि चक्रावलेच. नुसतं टण्ण. सकाळपर्यंत खोलीभर घुमणारा तंबोरा आता पत्र्याच्या डब्यासारखा वाजत होता. तारा सुरात होत्या, भोपळ्याला तडा नव्हता. सगळं जागच्या जागी, आणि आवाज तेवढा गेलेला.

मी विभाआत्याला हाक मारली. आत्या भौतिकशास्त्रज्ञ आहे. चंद्राची जमीन कशी थरथरते याचा ती अभ्यास करते, आणि हा तंबोरा तिनेच मिरजेहून आणलाय. तिने वाकून घोडीकडे (ज्या बुटक्या पट्टीवरून तारा जातात तिच्याकडे) पाहिलं.

"अगं, जीव कुठे गेले यातले?"

"कुणाचे जीव?" मी विचारलं.

तेवढ्यात निर्मळ पुढे आला. निर्मळ हा आमचा स्वच्छतेचा यंत्रमानव. पृथ्वीवरून सामानाबरोबर एखादी मुंगी जरी आली तरी ती पकडायची, हे त्याचं मुख्य काम.

"जीव माझ्या ताब्यात आहेत," तो आत्याला म्हणाला. "सकाळी आपण म्हणालात, तंबोऱ्यातला जीव सरकलाय. सरकणारा अनोळखी जीव मोकळा सोडता येत नाही." त्याने एक डबी उघडली. आत सुताचे चार बारीक तुकडे आणि शेजारी पाण्याचा थेंब. "पाणी दिलं, पण पीत नाहीत. प्रकृती बरी दिसत नाही."

आत्याला हसू आवरेना. मला मात्र रडू येत होतं.

"अरे शहाण्या, तार आणि घोडीच्या मध्ये जो दोरा घालतात, त्यालाच जीव म्हणतात," ती म्हणाली.

"पण एवढ्याशा दोऱ्याने आवाज कसा जातो?" माझा गोंधळ वाढतच चालला होता.

आत्याने माझी उड्या मारायची दोरी आणली. एक टोक निर्मळला धरायला दिलं आणि दुसरं हलवायला लागली. दोरीचा एक मोठा फुगा झाला. तिने हाताचा वेग वाढवला, तसे दोन फुगे झाले, मग तीन. मधल्या जागा जिथल्या तिथे स्थिर.

"तारेचंही असंच. ती अख्खी कंप पावते (वेगाने मागेपुढे हलते), तेव्हा सा ऐकू येतो. पण त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, पाच भागांतही कंप पावत असते. त्या लहान भागांच्या सुरांना उपस्वर (मूळ सुराबरोबर आपोआप उमटणारे बारीक सूर) म्हणतात. आणि सा च्या तारेचे पाच भाग झाले की कोणता सूर निघतो?"

मी दोरीवरचे फुगे मोजू लागले, तोवर आत्यानेच सांगून टाकलं.

"वरचा ग."

"एकच तार एकाच वेळी एवढं सगळं कसं करेल? काहीतरीच."

"हात हलव बघू. आता हात हलवताना बोटंही हलव."

मी हलवली. हात आपला झुलत होता, बोटं आपली वळवळत होती. कुणी कुणाला अडवत नव्हतं.

"आता दोरा," आत्या म्हणाली. "घोडीचा माथा किंचित उतरता असतो. दोऱ्याने तार केसभर उचलली जाते आणि कंप पावताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा घासते. त्या घासण्याने बारीक उपस्वर जोरात उमटतात. दोरा काढला की ते दबतात."

म्हणजे ग आधीपासून तिथेच होता. मी चारही तारांत पाचवी तार शोधत बसले होते.

निर्मळने एकेक जीव चिमट्याने माझ्या हातात दिला. मी पहिला तारेखाली घातला आणि छेडत छेडत सरकवू लागले. टण्ण. टण्ण. मग एका जागी आवाज एकदम उघडला. उरलेले तीनही तसेच लावले आणि डोळे मिटले. आधी नुसता सा. मग त्याच्या वर, अगदी बारीक, कुणीही न छेडलेला ग. मला इतका आनंद झाला की गायचंच विसरले.

पाचला बुवा पडद्यावर आले. मी सा लावला, ग वर गेले. माझा ग त्या बारीक ग ला खरखरत घासला. मी थोडी उतरले, आणखी थोडी. खरखर थांबली, आणि माझा आवाज कुठला नि तंबोऱ्याचा कुठला, ते मलाच कळेना.

दोन-अडीच सेकंदांनी बुवांचा आवाज आला.

"आज कुणाला विचारलंस?" ते म्हणाले.

"तंबोऱ्याला."

"मग वर्धापनदिनाला त्यालाच घेऊन बस. पुढच्या महिन्यात नवीन राग काढू."

निर्मळ अजून घोडीकडे टक लावून उभा होता.

"एक शंका आहे," तो म्हणाला. "या चौघांची नोंद सजीव म्हणून करू की निर्जीव म्हणून?"

मी तार छेडली.

निर्मळ बराच वेळ ऐकत राहिला. मग डबीतला पाण्याचा थेंब पुसून तो म्हणाला, "नोंद राहू दे. मी आधी नीट ऐकतो."