पेटीचे गवाक्ष

गॅलरीतला दिवा मालवल्यावर कुशाबा सांगू लागले. सौमित्र आणि मनवा ही त्यांची नातवंडे कठड्याला टेकून बसली होती.

"रमाकांत माझ्या चांगल्या ओळखीचा. परळला त्याचा गणपतीचा कारखाना. गेल्या मार्गशीर्षातली अमावास्या होती ती."

त्या संध्याकाळी रमाकांत उरलेले काम हातावेगळे करायला बसला होता. अनुजा नावाच्या संशोधक बाईंना प्रदर्शनासाठी, हजारो वर्षांपूर्वी प्रचंड शिळांनी बांधलेल्या थडग्यांचे नमुने हवे होते. सकाळी टेम्पो येणार होता. उभी शिळा तयार होती. ती बहुधा नुसती मेलेल्याच्या आठवणीची, खाली काही न पुरलेली. शिळावर्तुळ झाले होते. त्याच्या पोटात अस्थी, लोखंडी हत्यारे, घोड्याचे अलंकार. जमिनीवर उभे राहणारे दगडी घरही सुकले होते. उरली होती ती जमिनीत पुरायची दगडी पेटी. तिच्या तीन भिंती आणि झाकण प्लास्टरचे. चौथी भिंत मात्र अस्सल, दक्षिणेकडच्या कुठल्याशा माळावरून एका जुन्या संग्रहात आलेली. तिच्या मधोमध वाटोळे भोक होते.

"पेटी कशाला, आजोबा?" सौमित्र म्हणाला. "पुरलं की मोकळं."

"मोकळं होता येत नाही, म्हणूनच एवढे दगड उचलायचे, बाबा."

रमाकांत थकला होता. त्याची बायको नलू दम्याने बेजार. चाळ पाडल्यापासून दोघे कारखान्याच्या पोटमाळ्यावर राहत. रात्री तिच्या श्वासाकडे कान लावायचा, दिवसा प्लास्टर कालवायचे. थकलेल्या माणसाचे हात सवयीने चालतात. आणि मूर्तिकाराच्या हातांची सवय अशी की भोक दिसले की बुजवायचे. खंडित वस्तू कारखान्याबाहेर जाऊ द्यायची नाही. त्याने झाकण बसवून सांधे लिंपले, शाडूचा गोळा मळला, भोकात भरला आणि ओल्या बोटाने कडा साफ केली.

वर नलू खोकली.

"अहो, खिडकी का लावलीत?"

"उघडी आहे, नलू."

"मग दार..."

दारही उघडेच होते. तो धावत वर गेला. फवारा दिला. पुन्हा दिला. रुग्णवाहिकेला फोन केला. नलूची छाती उचलत होती, पण वारा आत जात नव्हता. ओठ काळवंडले. तिने कसाबसा हात उचलला आणि खाली बोट दाखवले.

पेटीकडे.

अनुजाबाईंचे बोलणे त्याने अर्ध्या कानाने ऐकले होते. ते आता आठवले. "काका, या भोकातून मागाहून अस्थी आत ठेवत असावेत. कुणी म्हणतात, आतल्याला वारा हवा म्हणून."

तो खाली आला. अंगठ्याने गोळा दाबला. हलेना. पटाशी लावली. आत्ताच भरलेला शाडू ओला हवा होता... दगड झाला होता.

वरचा खोकला थांबला.

मग काहीच ऐकू येईना.

"चुकलं माझं," तो पुटपुटला. कुणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हते. "तिला सोड..."

आत काहीतरी घासले.

एकदाच.

गोळा हळूच पुढे सरकला... आणि त्याच्या पायाशी पडला.

वर नलूने खोल श्वास घेतला.

कुशाबा थांबले. खालच्या रस्त्यावर कुणी शटर ओढले.

"वाचली ना?" मनवाने विचारले.

"वाचली. परवाच चहा पिऊन आलो तिच्या हातचा. साखर कमीच घालते."

"मग आजोबा, तो गोळा..."

सकाळी अनुजाबाई आल्या. झाकण जागच्या जागी होते, लिंपलेले सांधे अभंग. त्यांनी भोकातून विजेरी धरून पाहिले, पेटी रिकामी. मग त्यांनी गोळा उचलला. बाहेरच्या अंगावर पटाशीचे ओरखडे होते. त्यांनी तो उलटा केला आणि विजेरी त्यावर धरली.

आतल्या अंगावर पाच बोटे उमटली होती... नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाची.