मूक संमतीच्या बाजूनं

शनिवारच्या दारव्हा मोटरीत एकच जागा रिकामी होती, आणि तिच्यावर माझी पिशवी बसली होती.

“हिनं तिकीट काढलं काय?” कुणीतरी विचारलं.

मी वर पाहिलं. उंच, सावळा, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. मी मुकाट्यानं पिशवी मांडीवर घेतली. तो बसला... अंग चोरून, मधे वीतभर जागा ठेवून.

“तुम्ही मला ओळखलं नाही,” मोटर हलल्यावर तो म्हणाला. “आपण एकाच वर्गात आहोत.”

“शक्यच नाही!”

“काहून? तुम्ही पहिल्या बाकावर बसता, मी शेवटच्या. मला तुमची वेणी पाठ आहे. तुम्हाला माझा चेहरा कुठून ठाऊक असणार?”

मी झटकन खिडकीबाहेर पाहिलं. पळसाची झाडं मागे पळत होती आणि माझे कान उगाचच गरम झाले होते.

ते १९६१ साल. यवतमाळच्या कॉलेजात राज्यशास्त्र घेऊन बी. ए. करणारी मी वर्गातली एकटीच मुलगी. माझे वडील, दादा, दारव्ह्याच्या तहसील कचेरीत कारकून. मी यवतमाळला मावशीकडे राहायची, शनिवारी घरी जायची आणि सोमवारी परत यायची. तो देवसिंग. दारव्ह्यापलीकडच्या एका तांड्यावरचा. त्याचे वडील भीमसिंग तिथले नाईक, म्हणजे तांड्याचे प्रमुख. पूर्वी त्यांचे लोक बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर न्यायचे, आता शेती करत होते. देवसिंग होस्टेलवर राहायचा आणि कॉलेज सुटल्यावर कापसाच्या जिनात कामाला जायचा. म्हणून केसांत कापूस. तो झटकून टाकावा असं मला दर शनिवारी वाटायचं, पण हात पिशवीवरून हलायचा नाही.

त्या हिवाळ्यात नीळकंठ सरांनी वर्गात वादविवाद ठेवला. विषय होता, ‘मूक संमती हीच खरी संमती होय.’ मी बाजूनं, देवसिंग विरुद्ध.

“जो राज्यात राहतो,” मी ठासून म्हणाले, “त्याच्या रस्त्यांवरून चालतो, त्याच्या पहाऱ्याच्या भरवशावर झोपतो, त्यानं ते राज्य मान्य केलेलंच असतं. तोंडानं बोललं नाही म्हणून काय झालं? वागणं हाच होकार!”

टाळ्या पडल्या. मग तो उठला.

“आमचा तांडा जागचा हलला नाही,” तो सावकाश म्हणाला. “तरी आधी तो मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला, आता महाराष्ट्रात आहे. ज्यांचे आजे-पणजे जन्मभर चालले, त्यांच्याकडे बसल्या जागी तीन राज्यं येऊन गेली! आम्हाला कोणी विचारलं? नाही. आम्ही गप्प होतो. पण गप्प माणूस कधी खूश असतो, कधी भ्यालेला असतो, कधी नुसता दमलेला असतो. विचारल्याशिवाय कसं कळणार?”

सरांनी मला विजयी ठरवलं. शनिवारी मोटरीत देवसिंग म्हणाला, “जिंकलात वऱ्हाडपांडेबाई. पण माझं मत बदललं नाही.”

“माझंही नाही.”

“मग जमेल आपलं,” तो म्हणाला आणि एकदम लाजला. “म्हणजे... वाद घालायला.”

वर्षभर आम्ही वाद घातला. स्वातंत्र्य आधी की समता? कायदा का पाळायचा... भीतीपोटी, की पटतो म्हणून? “तुमचं सार्वभौमत्व खिडकीच्या जागेपुरतं,” तो चिडवायचा. “आणि तुमचं बंड कंडक्टर येईपर्यंतचं,” मी म्हणायची. शनिवारी मी लवकर जाऊन त्याची जागा धरायची. सोमवारी तो घरून भाकरी आणि ठेचा आणायचा आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे धरायचा. आमच्या घरच्या रीतीनं मी बाहेरचं पाणीसुद्धा पीत नसे. ती भाकरी मी खाल्ली. पहिल्या घासाला ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं. तो पाहत राहिला आणि मी पाहू दिलं.

माझ्या लेखी सगळं ठरलं होतं. आणखी बोलायचं ते काय उरलं होतं?

दुसऱ्या हिवाळ्यात अमरावतीचं स्थळ आलं. दादांनी जेवताना सांगितलं. माझा घास हातातच राहिला. दादा आईला म्हणाले, “गप्प आहे, म्हणजे पसंत आहे.”

सोमवारी मोटरीत मी देवसिंगला सांगितलं. वाटलं, आता हा उसळेल. त्यानं समोरच्या बाकाची पाठ घट्ट धरली.

“अभिनंदन,” तो म्हणाला.

“अभिनंदन?” माझा आवाज चढला. “वर्षभर मी तुमची जागा धरली! तुमच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली! हे सगळं काय होतं?”

“मला काय ठाऊक? तुम्ही कधी बोललात काय?”

“बोलायला कशाला हवं? कळत नाही?”

“मी मूक संमती मानत नाही,” तो हताशपणे म्हणाला, “आणि हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे!”

“मग तुम्ही का नाही विचारलं?”

“ज्या घरात मुलीला नाही म्हणता येत नाही, तिथल्या मुलीचा होकार मोकळा कसा समजू? तुम्ही आपणहून बोलाल म्हणून थांबलो होतो.”

मला हसू आणि रडू दोन्ही येत होतं. एक वर्ष... एक अख्खं वर्ष आम्ही दोघं आपापल्या सिद्धांताला धरून बसलो होतो!

“आता विचारतो,” तो हळूच म्हणाला. “पण आधी ऐका. नाही म्हणालात तरी आपला वाद चालू राहील. मी रागावणार नाही.”

“विचारा ना!”

मी इतक्या मोठ्यानं बोलले की कंडक्टरनं वळून पाहिलं. देवसिंगनं विचारलं, अगदी पुटपुटत. मी हो म्हणाले, अगदी स्पष्ट.

पण तो होकार फक्त मोटरीपुरता होता. रविवारी अमरावतीचे पाहुणे आले. मुलाच्या आईनं माझ्याकडून सुईत दोरा ओवून घेतला, चालायला लावलं. मुलानं एकदाच वर पाहिलं. दादा म्हणाले, “मुलीची संमती आहेच.”

“नाही, दादा.” मी पुढे झाले. “मी गप्प होते. मला कोणी विचारलंच नव्हतं.”

पाहुणे लाडू अर्धवट टाकून उठले. दादा ओरडले नाहीत. डोक्यावरची टोपीही न काढता बसून राहिले. शेवटी म्हणाले, “कोण आहे?”

मी सांगितलं. आई रडायला लागली. त्यानंतर घरात भांड्यांचाच तेवढा आवाज व्हायचा. मग एका सकाळी दादांनी कोट चढवला. “चल. त्या नाईकाला भेटून येऊ. तो नाही म्हणाला की विषय संपला.” नाईक नाहीच म्हणणार याची त्यांना खात्री होती. खरं सांगते, मलाही होती.

तांड्यावर लिंबाखाली पंचायत बसली. तिला ते नसाब म्हणत. त्या तांड्याची रीत अशी की, ज्याचा ज्याचा संबंध, त्यानं सगळ्यांसमोर तोंडानं बोलल्याशिवाय निकाल होत नसे.

“बाहेरची छोरी?” देवसिंगचे काका खेमसिंग उसळले. “उद्या सारेच आणतील!”

“आणू दे,” नाईक म्हणाले. “इथं उभं राहून विचारतील तर आणू दे. छोरा, तू बोल.”

वर्षभर वाद घालणारा देवसिंग नुसती मान हलवत होता.

“मान नको, तोंड!” नसाब खदखदून हसली.

“हो,” तो कसाबसा म्हणाला. मग मी म्हणाले. मग त्याची आई धनीबाई पुढे आल्या, हातभर बांगड्या सावरत.

“मी तं कवाचीच हो म्हणून राह्यली. सोमवारी दोन भाकरी जादा कायले देत होती?”

नाईक दादांकडे वळले. “तुमचं काय, साहेब?”

“माझं?” दादा गडबडले. नकार ऐकायच्या तयारीनं आलेला माणूस.

“बोला. नाही म्हणा, तरी चालते. जेवूनच जा.”

दादांनी टोपी काढली. कपाळ पुसलं. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होते.

“मले आजवर कोणी इचारलंच नाही,” ते म्हणाले. कचेरीतली भाषा कुठल्या कुठे गेली होती. “लग्न काकानं ठरवलं. नोकरी मामानं लावली. मी आपला चालत आलो...” ते थांबले. “लोकांचं भेव वाटते, नाईक. खूप वाटते. पण पोरीची काळजी नाही वाटत. ते आपल्या तोंडानं बोलली.”

“मंग?”

“हो,” दादा म्हणाले. आणि जन्मभराचं ओझं टाकावं तसे खांदे खाली सोडून बसले.

लिंबाची पानं हलली, कुठंतरी बैलाची घंटा वाजली. मी श्वास सोडला. समोर देवसिंगही तेच करत होता.

धनीबाईंनी गुळाची परात फिरवली. दादांनी एक खडा तोंडात टाकला, चघळला, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात नाईकांना म्हणाले, “आणखी एक घेऊ काय?”

“आता इचारता कायले?” नाईक म्हणाले. “घ्या!”